येतं मला, दुसरं सांग

मे महिन्यात दुपारी एक ते चार या वेळात ग्वाल्हेरला कोणी कोणाच्या दारी जात नाही. लू, म्हणजे अंग भाजणारा गरम वारा, वाहत असते, दुकानदार अर्धं शटर ओढून मागे आडवे झालेले असतात, आणि घराघरांत कूलरच्या आवाजाखाली मोठी माणसं झोपलेली असतात. सगळे ज्यांना नुसतंच काका म्हणायचे, ते नेमके त्याच वेळी बाहेर पडायचे. डोक्यावर ओला पंचा, पायात टायरच्या चपला आणि हातात ती चावी.

ही चावी कुलपाची नव्हती. कमरेइतकी उंच लोखंडी कांब आणि वर आडवी मूठ, अशी ती पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायची चावी होती. काकांची सगळी नोकरी लष्कर भागातल्या गल्ल्यांमध्ये पाणी सोडण्यात आणि बंद करण्यात गेली. निवृत्त होताना त्यांनी नवी चावी परत केली आणि जुनी, मूठ घासून गुळगुळीत झालेली, मागून घेतली. जमिनीखाली पाइप कुठे गळतो हे शोधायला ते तिचं टोक रस्त्यावर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. "पाणी सांगतं सगळं," म्हणायचे. "आपण गप्प बसलं पाहिजे, एवढंच."

निवृत्तीनंतर तोच कान त्यांनी मुलांकडे वळवला. एप्रिलभर ते आमच्या खासगी बाजार या वस्तीच्या गल्ल्यांतून भर दुपारी हिंडायचे आणि बंद दारांशी उभे राहून ऐकायचे. कुठे पोर झोपेचं सोंग घेऊन पडलंय, कुठे आवाज केला म्हणून धपाटा बसला, कुठे कोणी एकटंच भिंतीला पाय लावून काहीतरी पुटपुटतंय. त्यांच्या उन्हाळी शिबिराची पूर्वतयारी ती एवढीच. मे उजाडला की त्याच दारांवर चावीने हळूच टकटक करून घरच्यांना सांगायचे, "पोराला माझ्याकडे धाडा. तुम्ही झोपा."

माझी पूर्वतयारी फेब्रुवारीत सुरू व्हायची.

हे मी काकांचं कौतुक करायला लिहीत नाही. ते मला आजही नीट जमत नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि त्या हेव्यापोटी मी एक गोष्ट केली. ती सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल काही लिहिणं मला शोभणार नाही.

मी आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी होतो. नोकरी इंदरगंजच्या एका ऑफिसात, बाकी सगळा जीव मंडळात. खासगी बाजारात मंडळाची दगडी इमारत आहे. वर पत्र्याच्या छताचा हॉल, खाली तळघर. हॉलमध्ये सकाळी सात ते नऊ माझं शिबिर भरायचं. श्लोक, योगासनं, चित्रकला, शुद्धलेखन, आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम. सगळं मोफत. प्रवेश-अर्ज असायचा, त्यात 'आवड' असा रकाना असायचा. वेळापत्रक, दाराशी बॅनर, सरबतासाठी देणगीदार. माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून प्रमाणपत्रांवरची नावं मी स्वतः लिहायचो. मुलांनी मला विसरू नये अशी माझी इच्छा होती. तेव्हा मी तिला सेवा म्हणत होतो.

तळघरात गणपतीचं मखर आणि सतरंज्या पडलेल्या असायच्या. एका उन्हाळ्यात काकांनी अध्यक्षांकडे ते दुपारपुरतं मागितलं. "खाली थंड असतं," एवढंच कारण दिलं. अध्यक्षांनी लगेच किल्ली दिली. मला वाटलं, पाणी सोडणारा माणूस, पोरांना काय शिकवणार?

ते काही शिकवत नव्हतेच.

"मला शिकवता येत नाही," ते स्वतःच सांगायचे. "मला शिकता येतं. तेही हळू." त्यांच्याकडे अर्ज नव्हता, पण फी होती. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला ते जिन्यावर थांबवायचे आणि चावी आडवी धरून विचारायचे, "फी?" फी म्हणजे काकांना येत नसलेली एक गोष्ट त्यांना शिकवायची. कोणी साताचा पाढा सुरू केला की हात वर. "येतं मला. दुसरं सांग." कोणी श्लोक म्हटला. "येतं मला. दुसरं सांग." माझ्या शिबिरातली मुलं त्या जिन्यावर हमखास अडायची, कारण मी त्यांना जे जे शिकवलं होतं ते सगळं काकांना येत होतं. हे मला एका मुलाच्या आईने हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

गोलू नावाच्या एका मुलाला कणीक मळता यायची, आई कामावर जायची म्हणून. काका त्याच्याकडून आठवडाभर कणीक मळायला शिकले. एका मुलीला मामाची स्कूटर सुरू न होण्याचा आवाज काढता यायचा. त्यालाही चार दिवस गेले. काका खरोखरच हळू शिकायचे. "असं? परत दाखव." मूल कपाळाला हात लावायचं. मग दुसरं पुढे व्हायचं, "अरे, तू ठीकसे समझा ही नहीं रहा, हट." असं करता करता पंचवीस मुलं एका म्हाताऱ्याला समजावण्यात गुंग होऊन जायची आणि चार कधी वाजले ते कळायचं नाही. जमलं की काका सावकाश मान हलवून म्हणायचे, "हे नवं आहे." टाळ्या नाहीत, बक्षीस नाही. त्या गोष्टीला मग त्या मुलाचं नाव लागायचं. गोलूची कणीक. पुढच्या वर्षी नवी मुलं आली तरी ती गोलूचीच कणीक.

पिंकी नावाची एक मुलगी होती, तिला काहीच सुचेना. तीन दिवस ती जिन्याखाली बसून राहिली. काका रोज विचारायचे, ती रोज मान हलवायची. चौथ्या दिवशी जिन्याकडे पाठ करूनच म्हणाली, "अभी जो उतर रहा है, वो गोलू है." गोलूच होता. तिला पावलांवरून माणूस ओळखता यायचा आणि ही काही शिकवण्यासारखी गोष्ट आहे हे तिला माहीत नव्हतं. त्यानंतर काका डोळे मिटून जिन्याशी बसायला लागले. 'पिंकीचे पाय' शिकायला त्यांना पूर्ण महिना लागला. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. वेळेवर कळली असती, तर एका दुपारी मी त्या जिन्यावर पाऊल टाकलं नसतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या शिबिराला अकरा मुलं उरली. अर्ज चाळीस आले होते. दुपारभर तळघरात जागलेली मुलं सकाळी सातला उठत नव्हती, आणि जी यायची ती ध्यानाच्या वेळी जांभया द्यायची. एकाने तर शुद्धलेखन चालू असताना मला विचारलं, "सर, हे तुम्हाला आधीपासूनच येतं ना? मग आम्ही काय सांगायचं?"

घरी मी चिडचिड करायला लागलो. बायको म्हणाली, "तुमचं सकाळी असतं, त्यांचं दुपारी. तुमचं काय जातं?"

"शिस्त जाते."

"कोणाची?" तिने विचारलं आणि भाजी चिरत राहिली.

त्याच दिवसांत काका एकदा सकाळी हॉलमध्ये आले आणि मुलांच्या मागे सतरंजीवर बसले. तास संपल्यावर म्हणाले, "छान सांगतोस रे तू. एकदा सांगतोस आणि सगळ्यांना कळतं." मी खूष झालो. संध्याकाळी स्कूटर काढताना ते वाक्य पुन्हा आठवलं आणि डाचायला लागलं. त्यांच्या तळघरात एकदा सांगून कोणालाच काही कळत नव्हतं, आणि मुलं तिथेच जात होती.

आता मनूचं सांगतो. मनू माझी मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. मला गाता येत नाही, खेळता येत नाही. एकच गोष्ट येते. दोन्ही तळवे एकमेकांवर पोकळ धरून, अंगठ्यांच्या फटीतून फुंकून होला या पक्ष्याचा आवाज काढता येतो, इतका हुबेहूब की खरा होला उत्तर देतो. संध्याकाळी लाइट गेली की आम्ही दोघं गच्चीवर जायचो. मी आवाज काढायचो, ती शोधायची कुठून उत्तर येतं. मग तिनं तो शिकायचा हट्ट धरला. बरेच दिवस नुसती हवाच निघायची. ज्या दिवशी आवाज निघाला त्या दिवशी तीच म्हणाली, "बाबा, हे आपल्या दोघांचं हं. किसी को नहीं बताना." मी शपथ घेतली. ती पाळली.

मनू माझ्या शिबिराला नाइलाजाने यायची. त्या मे महिन्यात एक दिवस जेवताना म्हणाली, "मला पण दुपारी काकांकडे जायचंय."

"फी काय देणार?"

"है कुछ. तुम्हाला नाही सांगणार."

मी जा म्हटलं. नाही म्हणायला कारण नव्हतं.

पंधरा दिवसांनी अर्जांची फाइल न्यायला मी भर दुपारी मंडळात गेलो. तळघराचं दार लोटलेलं होतं. आतून होले घुमत होते. वीस-पंचवीस होले, दगडी भिंतींवरून फिरून येणारे. त्या सगळ्यांत एक आवाज नुसता हवेचा होता, फुस्स, आणि त्यावर मुलं खिदळत होती. मग मनूचा आवाज आला, मोठ्या माणसासारखा. "काका, अंगठे ऐसे नहीं. असे. परत."

मी दार हळूच ढकलून तीन पायऱ्या उतरलो. तिथेच थांबलो. माझ्याकडे एकच गोष्ट होती, तीही तिनं तिथे नेऊन वाटली होती. आत जाऊन बसलो असतो तर कदाचित सगळं वेगळं झालं असतं. मी फाइल न घेताच परत गेलो.

आठ दिवसांनी कार्यकारिणीची सभा होती. विषय संपत आले तेव्हा मी म्हणालो, "एक विचारायचं होतं. तळघराला जिना एकच आहे. खिडकी नाही. दुपारी तिथे पंचवीस मुलं असतात. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. माझं प्रत्येक वाक्य खरं होतं. जिना एकच होता, खिडकी नव्हती. काका बिचारे चांगल्या हेतूने करतायत, असंही मी म्हणालो, तेही खरं होतं. कोणीतरी विचारलं, "मग त्यांना वर हॉलमध्ये का नाही देत, दुपारचा?" मी म्हणालो, "दुपारी वर पत्र्याची भट्टी होते, मुलांना लू लागेल." तेही खरंच. तळघर बंद करावं असं सर्वानुमते ठरलं. ठराव मीच लिहिला. काकांना कळवायचं कामही सेक्रेटरीचं, म्हणजे माझंच होतं. मी गेलो नाही. चिठ्ठी लिहून शिपायाच्या हाती पाठवली.

शिपाई किल्ली घेऊन परत आला. मी विचारलं, "काही म्हणाले?"

"म्हणाले, अक्षर सुंदर आहे."

त्या उन्हाळ्यात माझ्या शिबिराला एकही मूल वाढलं नाही. काका आठवडाभर एक वाजता बंद दाराच्या पायरीवर येऊन बसायचे. मुलंही यायची, पण उघड्यावर ऊन सहन होईना, आणि आया मुलांना आत घ्यायला लागल्या. मग काका यायचे थांबले. दिवाळीनंतर कळलं की ते थाटीपुरला मोठ्या मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेले. पुढच्या वर्षी माझ्याकडे पुरी चाळीस मुलं आली. शेवटच्या कार्यक्रमात अध्यक्षांनी मला शाल दिली. ती मी एकदाही पांघरली नाही.

मनूनं मला कधी काही विचारलं नाही. पण लाइट गेली की ती गच्चीवर येईनाशी झाली. मी एकदोनदा वरून होला घुमवला. खालून उत्तर आलं नाही. मोठी होतेय, असं मी स्वतःला सांगितलं.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. या जूनमध्ये मनू शिकायला बाहेरगावी जाणार आहे. परवा बॅग भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी काकांना भेटून आले. तुम्ही पण जाऊन या, बाबा."

"मी कशाला?"

"जाऊन या," ती म्हणाली. "दुपारी जा. एकच्या पुढे."

काल गेलो. थाटीपुरची ती जुनी क्वार्टरं, पहिला मजला. स्कूटर सावलीत लावली, रुमाल डोक्याला बांधला आणि जिना चढायला लागलो. शेवटच्या तीन पायऱ्या उरल्या तेव्हा पाय अडले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. वाटलं, उद्या येऊ.

दार उघडंच होतं. आतून काकांचा आवाज आला, "मनूचे बाबा. या खेपेला परत जाऊ नकोस."

मी घामाने थबथबलेला तिथेच उभा राहिलो. पिंकीचे पाय मला त्या क्षणी कळले.

काका भिंतीला टेकून बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, अंगावर बनियन, कोपऱ्यात ती चावी. समोर क्वार्टरमधली तीन मुलं बसली होती. कूलर घरघरत होता. मी दारात वाकून नमस्कार केला, आणि त्यांनी उठायचा प्रयत्न न करता हात पुढे केला. आशीर्वादाला नव्हे, आडवा. जिन्यावर चावी धरायचे तसा.

"फी?"

मी दारातच बसलो. तीन मुलं बघत होती, तरी म्हणालो, "काका, तळघर मी बंद करवलं."

"येतं मला," काका म्हणाले. "दुसरं सांग."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू जिन्यावर आलास त्या दिवशी पिंकी म्हणाली, मनूच्या पप्पांचे पाय. आले, थांबले, गेले. नवव्या दिवशी चिठ्ठी आली. गळती शोधण्यात जन्म गेला माझा, एवढं नाही कळणार?"

मी विचारलं, "मनूनं ऐकलं होतं? पिंकी म्हणाली ते?"

"शेजारीच बसली होती. म्हणाली, नाही, माझे बाबा नसतील. ते असते तर आत आले असते." काकांनी पंचाने मान पुसली. "चिठ्ठी आल्यावर मग काही म्हणाली नाही."

एका मुलानं मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायलो. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून म्हणालो, "मला तुमचा हेवा वाटायचा, काका."

ते सरसावून बसले. "हेवा. तो कसा वाटतो? नीट सांग. पायरी पायरीने."

थट्टा नव्हती. गोलूकडून कणीक शिकताना करत असतील तसाच चेहरा केला होता त्यांनी. म्हणून मी सांगितलं. "आधी कानाला कळतं. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात वाजतेय असं ऐकू येतं. मग छातीच्या जरा खाली, जेवण उतरतं तिथे, काहीतरी पिळतं. मग तोंडावर हसू आणावं लागतं. त्यानंतर माणूस खरं बोलायला लागतो. सगळं खरं. पण ते कशासाठी बोलतोय ते फक्त त्यालाच माहीत असतं."

"परत सांग," काका डोळे मिटून म्हणाले.

मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं.

"जेवण उतरतं तिथे," ते हळूहळू म्हणाले. "मनू मला होला शिकवायची ना, तेव्हा सारखं चालायचं तिचं. बाबा अंगठे असे ठेवतात. बाबा असं फुंकतात. बाबांचा होला उत्तर देतो. मला दोन मुलगे. त्यांच्या लहानपणी मी पहाटे पाणी सोडायला बाहेर, रात्री पाणी सोडायला बाहेर. आमचे बाबा असं करतात, असं त्यांनी कोणाला कधी सांगितलं असेल? मनू बोलायला लागली की मला इथे पिळायचं." त्यांनी पोटावर हात ठेवला. "तेच का ते?"

"तेच."

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे हेही येतं मला. दुसरं सांग."

माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. तीन मुलांपैकी सर्वांत लहान मुलीने मला न्याहाळलं आणि इतरांना विचारलं, "इनको कुछ भी नहीं आता क्या?"

कूलर मध्येच अडखळला आणि पुन्हा चालू झाला. मला तळघरातले ते वीस-पंचवीस होले आठवले, आणि त्यांच्यात नुसत्या हवेचा निघणारा तो एक आवाज. तो काकांचा होता, आणि त्याचं पुढे काय झालं हे इतकी वर्षं मी विचारलंच नव्हतं.

"काका," मी विचारलं, "होला जमला का तुम्हाला शेवटी?"

"कुठला जमतोय. अर्धाच राहिला. तळघर बंद झालं ना."

मी पुढे सरकून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो. त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. तळव्यांना चावीचे घट्टे अजून होते. तळवे एकमेकांवर पोकळ धरून दिले, अंगठे जुळवले, मध्ये बारीक फट ठेवली. "असे. आता सरळ नाही फुंकायचं, जरा खाली."

काकांनी गाल फुगवले. फुस्स. मुलं खिदळली.

"परत दाखव," ते म्हणाले.